चव घेणाऱ्याची सही

शाळेच्या पोषण आहाराच्या नोंदवहीत एक रकाना असतो, चव घेणाऱ्याची सही. लेकरांना खिचडी वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने ती चाखायची, शेरा लिहायचा आणि सही करायची, असा नियम आहे. आमच्या शाळेत त्या रकान्यात रोज माझी सही असायची आणि शेजारी माझ्याच अक्षरात 'चव चांगली' असं लिहिलेलं असायचं. त्यातली शेवटची दोन वर्षं मला चव कळत नव्हती. ही गोष्ट मी खुलाशात लिहिली, सुनावणीत सांगितली, पण तिथे प्रत्येक वाक्य स्वतःला वाचवायला लिहावं लागतं. म्हणून इथे पुन्हा लिहिते.

शाळा महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची. पहिली ते चौथी, दोन वर्गखोल्या, दोन शिक्षक. एक मुख्याध्यापक आणि दुसरी मी. मी महागावात राहायची. नवरा तिथल्याच कॉलेजात क्लर्क. सकाळी डबा करून स्कूटीने निघायचं, डांबरी रस्ता सोडला की पुढे कच्चा रस्ता, दोन्हीकडे कपाशी आणि सोयाबीन. तांड्यावरचीच एक विधवा बाई शाळेत खिचडी शिजवायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. लेकरांशी ती गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत. तिच्या हाताला अंदाज होता. मीठ कधी कमी-जास्त झालं नाही. चव घ्यायचं काम मुख्याध्यापकांनी मी रुजू झाले त्याच आठवड्यात माझ्याकडे लोटलं होतं. "बाईमाणसाले चव कळते," ते म्हणाले होते. ते स्वतः घरून डबा आणायचे.

दुखणं सुरू झालं ते साध्या सर्दीने. कापूस वेचणीचे दिवस होते, गावात सगळ्यांनाच सर्दी होती. सगळ्यांची गेली, माझी राहिली. आधी नाक वाहायचं, मग वाहायचं थांबलं आणि चोंदलं. कधी डावी नाकपुडी, कधी उजवी, पुढे दोन्ही एकदम. घशात मागच्या बाजूने काहीतरी चिकट उतरत राहायचं. शिकवताना दर दोन वाक्यांना खाकरावं लागे आणि चौथीची पोरं माझी नक्कल करायची. गालाच्या हाडांत आणि दोन डोळ्यांच्या मध्ये ओल्या पोत्यासारखं जड वाटायचं. खाली पडलेला खडू उचलायला वाकले की ते ओझं पुढे सरकून कपाळावर यायचं. वरचे दात ठणकायचे, म्हणून एकदा दातांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. दात चांगले निघाले.

महागावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, धुळीची ॲलर्जी. गोळ्या दिल्या. आठ दिवस बरं वाटलं, नवव्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा गेले, पुन्हा गोळ्या, या वेळी ॲण्टिबायोटिकही. असं वर्षभर चाललं. त्यांचा दवाखाना बसस्टँडजवळ, बाहेर बाकावर कायम माणसं. मी आत गेले की ते मान वर न करता विचारायचे, "डोकं दुखतं?" मी हो म्हणायची आणि ते कागदावर डोकेदुखी लिहायचे. घशातल्या चिकट धारेचं, चोंदलेल्या नाकाचं मी सांगेपर्यंत त्यांचा पेन पुढच्या ओळीवर, औषधांवर पोचलेला असायचा. ते सगळे कागद मी जपून ठेवले आहेत. चार वर्षांच्या कागदांवर माझा आजार एकाच शब्दात आहे, आणि तो शब्द चुकीचा आहे.

दुसऱ्या वर्षी मीच म्हणाले, एखादी तपासणी करू या का. त्यांनी सायनसचा एक्स-रे लिहून दिला. हनुवटी वर करून, नाक प्लेटला टेकवून उभी राहिले. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "क्लिअर आहे. काही नाही तुम्हाला."

"मग दुखतं कशानं?"

"घरी काही टेन्शन?"

मी म्हटलं, टेन्शन कोणाला नसतं. ते हसले, जणू मी कबुली दिली. त्या दिवशी झोपेची गोळी वाढली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने एक्स-रेचं पाकीट उघडलंही नाही. "फोटोत काही नाई, डॉक्टर काही नाई म्हणते. मंग काय आहे ते तूच सांग," तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही. पण कागदावर जे नाही ते नाहीच, अशी त्याला ऑफिसातली सवय. त्यानंतर मी कपाळ दाबून बसले की तो टीव्हीचा आवाज थोडा कमी करायचा. त्याच्या मते एवढं पुरे होतं.

शाळेत वेगळंच. बदल्यांचे अर्ज भरायचे दिवस आले. आजारपणाच्या कागदावर सोयीची शाळा मिळते आणि काही जण खोटे कागद जोडतात, हे आमच्यात सगळ्यांना माहीत. मुख्याध्यापक एकदा हजेरी भरता भरता म्हणाले, "मॅडम, डोकं जरा जास्तच दुखून राह्यलं तुमचं. बदलीचा फार्म भरून राह्यल्या का?"

मी अर्ज भरलेला नव्हता. तो तांडा मला आवडायचा. पण त्या दिवसापासून मी शाळेत डोक्याला हात लावणं बंद केलं. दुखलं तर फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

वास कधी गेला ते मला सांगता येत नाही. दिवा विझावा तसा तो गेला नाही. एका रविवारी गॅसवर तुरीची डाळ ठेवून मी वह्या तपासत बसले होते. नवरा बाहेरून आला आणि चपलेसकट स्वयंपाकघरात धावला. "घर जळून राह्यलं अन् तू वह्या तपासून राह्यली?" धूर माझ्या खोलीपर्यंत आला होता. मला डोळ्यांत चुरचुरलं, एवढंच. त्या दुपारी मी घरातल्या डब्यांची झाकणं एकेक करून उघडली. हिंग, लवंग, कॉफी, शेवटी फिनाईलची बाटली. कशालाच काही नव्हतं. जिभेला तिखट लागायचं, खारट लागायचं, गोड-आंबट लागायचं. पण वांग्याची भाजी आणि दुधीची भाजी यांत फरक उरला नव्हता.

डॉक्टरांना सांगितलं. "सर्दीत जातो वास. येईल," ते म्हणाले आणि कागदावर ते लिहिलंसुद्धा नाही. मीही पुन्हा काढलं नाही. एक्स-रे क्लिअर होता ना. स्वच्छ फिल्म जिच्या कपाटात आहे ती बाई मला वास येत नाही म्हणून कोणाला सांगणार? हळूहळू माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. वाटायचं, खरंच मनाचं असेल.

आणि शाळेत मी रोज चव घेत होते. मीठ कळायचं, तिखट कळायचं. डाळ शिजली की नाही ते दाताला कळायचं. तेवढ्यावर मी 'चव चांगली' लिहायची. मुख्याध्यापकांना सांगायला हवं होतं, मला वास येत नाही, हे काम तुम्ही करा. त्यांचं ते बदलीचं वाक्य आठवायचं आणि मी गप्प बसायची.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्यावरची गोष्ट. नवं तेल आलेलं नव्हतं. कोठीच्या खोलीत मागच्या सत्रातलं अर्धं पिंप होतं, पत्र्याखाली दोन महिने तापलेलं. मुख्याध्यापक त्या दिवशी मीटिंगसाठी महागावला गेले होते. दहाच्या सुमाराला स्वयंपाकीण वर्गाच्या दारात आली. हातात वाटी, वाटीत तेल.

"बाई, हे तेल पाहा बरं. मले खवट वास येऊन राह्यला. खिचडीत टाकू का नको?"

मी वाटी नाकाशी नेली. दोनदा हुंगलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. दुसरं तेल नव्हतं. खिचडी झाली नाही तर त्याचाही खुलासा द्यावा लागतो. आणि या सगळ्याच्या आधी, मला वास येत नाही हे तिला सांगायची लाज वाटली.

"मला तर नाही येत काही वास. टाका," मी म्हटलं.

"तुमी म्हंता तं टाकतो," ती म्हणाली आणि वाटी घेऊन गेली.

खिचडी मी चाखली. मीठ बरोबर होतं. सही केली. लेकरांनी दोन घासांतच कुरकुर सुरू केली. मोठी पोरं ताट सरकवून उठली. पहिलीतली लहान लेकरं मात्र मी समोर उभी होते म्हणून खात राहिली. मीच त्यांना म्हटलं होतं, अन्न टाकू नये. अर्ध्या तासात एकाला उलटी झाली, मग दुसरीला, मग सात-आठ जणांना. आईबाप शेतातून धावत आले. कोणाच्या तरी जीपमध्ये घालून त्यांना आरोग्य केंद्रात नेलं. संध्याकाळपर्यंत सगळी लेकरं घरी परतली, कोणाला सलाईनसुद्धा लागलं नाही. पण त्या चार तासांत आरोग्य केंद्राच्या ओसरीवर मी जशी बसले होते तशी आयुष्यात कधी बसले नाही. एका आईने माझ्यासमोर खिचडीचा डबा उघडला. "हुंगा," म्हणाली. मी हुंगलं. मला काहीच आलं नाही आणि तरी मी नाक मुरडलं. ती खोटी मुरड मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आले. जबाब घेतले. मुख्याध्यापकांनी लिहून दिलं की चव घेण्याची जबाबदारी मॅडमकडे होती. मी लिहून दिलं की मी नियमाप्रमाणे चव घेतली, मला दोष जाणवला नाही. स्वयंपाकिणीने तेल दाखवून विचारलं होतं, ते मी लिहिलं नाही. का लिहिलं नाही? साहेब समोर बसले होते, पेन हातात होता, आणि जे विचारलं तेवढंच मी लिहिलं. तिचा जबाब घेतलाच नाही. ती भिंतीशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे पाहिलं. आठ दिवसांत तिला कमी केलं. मानधनावरच्या बाईला काढायला चौकशी लागत नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. तेव्हा पहिल्यांदा मी खुलाशात लिहिलं की मला दोन वर्षांपासून वास येत नाही. विस्तार अधिकाऱ्यांनी तो कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, आता असं म्हणणं सोपं आहे. पुरावा काय?"

मी पिशवीतून चार वर्षांचे कागद काढले. त्यांनी ते चाळले. "यात तर डोकेदुखी आहे. वासाचं कुठं आहे?" मग एक्स-रे उजेडात धरला, जसा डॉक्टरांनी धरला होता. "हा तर क्लिअर आहे म्हणता."

म्हणजे मी यवतमाळला गेले ती बरी व्हायला नव्हे. मला कागद हवा होता.

नवरा बरोबर आला. एसटीने आर्णीवरून यवतमाळ. त्याला नोटिशीची काळजी होती, आणि वाटेभर तो एकच सांगत होता, "डॉक्टरले सांग, पत्रावर तारीख जुनी टाकाल का म्हणावं." मी त्याला सांगितलं की असलं काही मी बोलणार नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या, फार बोलत नव्हत्या. त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि विचारायला लागल्या. किती दिवसांपासून? मध्ये पूर्ण बरं वाटलं असे दिवस होते का? नाक एकीकडे चोंदतं की दोन्हीकडे? घशात उतरतं का? कोणत्या रंगाचं? वाकल्यावर वाढतं? धाप लागते का, दमा आहे का? मी उत्तर देत होते आणि त्या प्रत्येक उत्तर लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "आणि वास?"

चार वर्षांत मला वासाबद्दल विचारणारं ते पहिलं माणूस. माझ्याआधी नवराच म्हणाला, "नाई येत तिले. डाळ जळली तरी नाई येत." तो हे माझ्या बाजूने बोलला होता, तरी मला त्याचा राग आला. त्याला माहीत होतं तर.

त्यांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला, थोडं थांबल्या आणि बारीक दुर्बीण आत घातली. शेजारी पडदा होता. "बघा," म्हणाल्या. पडद्यावर माझ्या नाकाची आतली वाट होती, आणि ती सोललेल्या द्राक्षांसारख्या पांढुरक्या, ओलसर गाठींनी भरली होती. दोन्हीकडे. त्यांच्या आजूबाजूला घट्ट पिवळं काही साचलं होतं. "हे पॉलिप. सूज खूप दिवस राहिली की असे वाढतात. गाठ म्हटलं की लोक घाबरतात, तसलं हे दिसत नाही. वास ज्या फटीतून वर जातो ती फटच बंद आहे." मग डोळे मिटायला लावून लहान लहान बाटल्या नाकाखाली धरल्या. एकाही बाटलीत काय आहे ते मला सांगता आलं नाही.

"लगेच स्कॅन नको," त्या म्हणाल्या. "आधी तीन आठवडे औषध. फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, थोड्या गोळ्या. मग जे उरेल ते स्कॅनमध्ये पाहू. साध्या सर्दीतही स्कॅन खराब दिसतो."

मी एक्स-रे काढून दाखवला. त्यांनी तो पाहिला. "यात आतलं-बाहेरचं सगळं एकावर एक येतं. गालातल्या मोठ्या पोकळीत पाणी भरलं असतं तर दिसलं असतं कदाचित. दोन डोळ्यांच्या मध्ये ज्या बारीक कप्प्यांत तुमचा आजार आहे, तिथलं यात काहीच कळत नाही."

"म्हणजे क्लिअर नव्हताच?"

"म्हणजे त्यावरून काही म्हणता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. आधीच्या डॉक्टरांबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं.

गोळ्या सुरू होऊन पाचवा की सहावा दिवस. सकाळी वर्गात हजेरी घेत होते आणि एकदम लेकरांच्या डोक्याच्या तेलाचा वास आला. खोबऱ्याचं तेल, घाम, दप्तरातली भाकर. मी हजेरी थांबवली. दुपारी सुट्टीत कोठीच्या खोलीत गेले. ते पिंप अजून तिथेच होतं, चौकशीसाठी सील करून ठेवलेलं. झाकणाच्या कडेला तेल ओघळून वाळलं होतं. नाक जवळही न्यावं लागलं नाही. असा वास होता की आंधळ्यालाही ते तेल टाकून द्यावं हे कळलं असतं. त्या बाईने वाटी माझ्यासमोर धरली होती आणि तिला हा वास येत होता.

गोळ्या संपल्या आणि दहा दिवसांत वास पुन्हा गेला. डॉक्टर बाई म्हणाल्या, असं होतं, पण त्यातून कळलं की वासाची नस शाबूत आहे. त्यांना ती चांगली बातमी वाटली.

मग सीटी स्कॅन. पाठीवर झोपायचं, डोकं हलवायचं नाही, दोन-तीन मिनिटांत संपलं. चार वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते एवढंसंच होतं. फिल्मवर माझ्या तोंडाचे समोरून घेतलेले काप होते, पावाचे काप करावे तसे, नाकाच्या शेंड्यापासून मागपर्यंत.

डॉक्टर बाईंनी आधी दुसऱ्या एका रोग्याची, नाव झाकलेली फिल्म लावली. "हा बरा माणूस. हाड पांढरं, हवा काळी. पोकळ्या म्हणजे हवा, म्हणून त्या काळ्या दिसायला पाहिजेत." मग शेजारी माझी लावली. डोळ्यांच्या मधल्या चाळणीसारख्या कप्प्यांत एक ठिपकाही काळा नव्हता. सगळं राखेच्या रंगाचं. गालांच्या पोकळ्यांना आतून जाड लिंपण केल्यासारखं, मध्ये कशीबशी लहानशी काळी जागा. पोकळीतून नाकात उघडणारी वाट दोन्हीकडे बुजलेली.

"हे मनाचं नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नुसत्या तक्रारीवर मी हा आजार लिहीत नाही. नुसता स्कॅन खराब आहे म्हणूनही लिहीत नाही, पुष्कळांचे स्कॅन काही त्रास नसताना खराब निघतात. तीन महिन्यांच्या वर त्रास पाहिजे आणि आत सूज दिसली पाहिजे. तुमचं दोन्ही जुळतं. चार वर्षांपासून जुळत असावं." आणि त्यांनी लिहिलं, दोन्ही बाजूंच्या सायनसची जुनाट सूज, पॉलिपसह, वास घेण्याची क्षमता गेलेली. खाली सही, शिक्का, त्या दिवसाची तारीख.

नवऱ्याने एसटीत तो कागद तीनदा वाचला. घरी आल्यावर म्हणाला, "मले वाटलंच होतं, काहीतरी असंन." मी आत निघून गेले.

सुनावणीला मी सगळं घेऊन गेले. रिपोर्ट, फिल्म, दुर्बिणीतून घेतलेला फोटो. या वेळी मी दुसरा कागदही लिहून नेला होता. स्वयंपाकिणीने तेल दाखवून मला विचारलं होतं, तिला वास आला होता, मीच टाका म्हटलं, तिची चूक नाही. अधिकाऱ्यांनी रिपोर्ट शांतपणे वाचला. मुख्याध्यापक बाजूला बसले होते.

"म्हणजे तुम्हाला दोन वर्षांपासून वास येत नव्हता, हे खरं," अधिकारी म्हणाले.

"हो."

"आणि तुम्हाला ते माहीत होतं."

"हो."

"तरी तुम्ही रोज चव घेतल्याची सही करत होतात."

चार वर्षं माझं खरं मानायला कोणी तयार नव्हतं. आता सगळ्यांनी एका मिनिटात मानलं, कारण आता ते माझ्याविरुद्ध वापरता येत होतं. त्यांचं बोलणं चूक नव्हतं, हे आणखी वाईट.

दुसऱ्या कागदाकडे त्यांनी नुसती नजर टाकली. "हे आता कशाला? तिच्या जागी दुसरी बाई घेतली. तो विषय संपला."

"पण तिची चूक नव्हती."

"मॅडम, हे तुम्ही पहिल्या जबाबात लिहायचं असतं."

आजाराची माहिती लपवून लेकरांच्या जिवाशी हयगय केली म्हणून माझ्या सेवा पुस्तकात सक्त ताकीद नोंदवली गेली. मुख्याध्यापकांना काही झालं नाही. त्यांनी दोन वर्षांत एकदाही चव घेतली नाही, पण त्यांची खोटी सही नव्हती, सहीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तांड्याच्या शेवटी तिचं घर, अंगणात सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पडलेलं. ती मजुरीवरून नुकतीच आली होती, हातपाय धूत होती. मला पाहून तिने खाट टाकली, पाणी दिलं. मी पिशवीतून फिल्म काढली. तिला सगळं सांगितलं, नाकात काय होतं, वास कसा येत नव्हता, मी आता लिहून दिलं आहे की तिने विचारलं होतं.

ती फिल्मकडे पाहतही नव्हती. "मंग घेतात का मले परत?"

"नाही."

"मंग हे मले कायले दावता, बाई? मले तं वास आलताच. म्या तवाच सांगतलं होतं."

"मला खरंच येत नव्हता हो."

"असंन," ती म्हणाली. "मंग तसं म्हणाचं होतं. मले येत नाई, तूच पाह्य, असं म्हटलं असतं तं म्या फेकून देल्लं असतं."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ती उठून चुलीकडे गेली. मी फिल्म पिशवीत घातली, पाणी प्यायले, निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात दुर्बिणीतून माझं ऑपरेशन झालं. गाठी काढल्या, बुजलेल्या वाटा मोकळ्या केल्या. डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं की हा आजार मुळापासून जात नाही, आयुष्यभर फवारा आणि मिठाचं पाणी, आणि तरी गाठी पुन्हा वाढू शकतात. डोक्यातलं ओझं गेलं. वास अर्धामुर्धा परत आला. कॉफी कळते, हिंग कळतं, तेल खवटलं तर नक्की कळतं. काही वास चुकीचे येतात. मोगरा मला रबर जळाल्यासारखा येतो.

महागावातल्या डॉक्टरांकडे मी एकदा रिपोर्ट घेऊन गेले होते. बाकावर माझा नंबर येईपर्यंत बसले. त्यांनी रिपोर्ट वाचला, मान हलवली, म्हणाले, "बरं झालं वेळेत सापडलं." बाहेर गर्दी होती, त्यांनी घंटी वाजवली.

शाळेत आता नवी बाई खिचडी शिजवते. मुख्याध्यापकांनी लेखी आदेश काढून चव घेण्याचं काम स्वतःकडे घेतलं आहे. ते ऑफिसातल्या खुर्चीतून उठत नाहीत. वहीच त्यांच्याकडे जाते. नवं तेल आलं की मी कोठीत जाऊन झाकण उघडून पाहते. नवी बाई चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघते, पण मला कधी काही विचारत नाही.